शालनबायची उपाशी बॅटरी

कोल्हापूरकडच्या माणसाने सायकल घेतली की त्याच्या घरचे समजतात, याची मोटारसायकल विकली गेली. ती सायकल विजेवर चालते असं सांगितलं की समजतात, याची तब्येत गेली. माझ्या बाबतीत दुसरा अंदाज बरोबर होता. पेडणे तालुक्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो. बायकोमुलं गडहिंग्लजला आणि मी पार्से गावात भाड्याच्या दोन खोल्यांत. डॉक्टरने रक्तदाब मोजून कपाळाला आठ्या घातल्या आणि चालायला सांगितलं. चालणं मला लहानपणापासून आवडत नाही, म्हणून मी मोबाईलवर सायकल शोधायला लागलो. एका जाहिरातीत लिहिलं होतं की चढ आला की मोटर मदतीला येते. मदतीला कुणी येणार असेल तर व्यायामाला माझी कधीच ना नव्हती.

तर ती सायकल माझी. पैसे माझे, संकल्प माझा, हेल्मेटही माझंच. पण आज पार्सेत कुणालाही विचारा, ती शालनबायची सायकल म्हणूनच ओळखली जाते, आणि माझी ओळख त्या सायकलीच्या मागे उभा राहणारा जाडा माणूस अशी आहे.

शालनबाय म्हणजे माझ्या घरमालकीण. डिचोली तालुक्यात साळ, मेणकुरे, लाटंबार्से अशा गावांतून त्यांनी सरकारी नर्स म्हणून उभी हयात नोकरी केली. माहेर साळचं, सासर पार्सेचं. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा; तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर त्या सासरच्या घरी येऊन राहिल्या होत्या, पण निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. घराच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवरच्या बाकावर, जो बसेल त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून त्या रक्तदाब मोजत. सकाळी उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन येणाऱ्या पोदेरालासुद्धा आधी दंड पुढे करावा लागे, मग पाव घेतला जाई. मनगटी घड्याळ पुरुषी, तेही तबकडी आतल्या बाजूला करून बांधलेलं, नाडी मोजायला सोपं जावं म्हणून. निदानं मात्र दोनच होती. एक पित्त आणि दुसरं आळस. मला त्यांनी कधी पित्त सांगितलं नाही.

त्यांची बोलण्याची पद्धतही वाटून दिलेली होती. देवाशी त्या शुद्ध मराठीत बोलत, माणसांशी पेडण्याच्या बोलीत, आणि यंत्रांशी इंग्रजीत. मिक्सर अडकला की त्या त्याला दटावून ‘प्लीज कोऑपरेट’ म्हणत. पंप पाणी ओढेना की ‘पुश! पुश!’ असं ओरडत, कारण आयुष्यभर बाळंतिणींना तेच सांगितलेलं. आश्चर्य म्हणजे पंप बऱ्याचदा ऐकायचा.

मी सायकल मागवली त्याच मे महिन्यात शालनबायचा मुलगा उमेश पुण्याहून आला होता. एकुलता एक मुलगा, स्वभावाने प्रेमळ, आणि प्रेमळ मुलांना असते तशी काळजीची खोड. शालनबायचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते आणि नुकत्याच त्या अंगणाच्या पायरीवरून घसरल्या होत्या. बसस्टॉप लांब, बाजार त्याहून लांब. रिक्षाला फोन करायचा म्हणजे रिक्षावाला जेवून, झोपून, उठून येणार. मासे, औषधं, गॅसची चौकशी, सगळ्यासाठी त्या कुणाच्या तरी गाडीकडे बघत बसत. हे असं बघत बसणं त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त दुखायचं. त्यांनी एकदा मला तसं बोलूनही दाखवलं होतं.

उमेशने जेवताना विषय काढला. मी पलीकडे बसून सोलकढी पीत होतो.

“आई, आता पुरे. चतुर्थी झाली की घराक कुलूप घालूया. तू पुण्याक ये. गणपती मांद्र्याक काकांकडे बसतलो.”

शालनबायनी ताटातला मासा शांतपणे उलटा केला. “आणि माटोळी मी हाडलंय तर?”

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला फळं, सुपारीचे घड, रानातल्या वेली, नाना रंगांची रानफळं बांधतात. ती बाजारातही मिळते, पण शालनबायच्या घरी कवंडळं आणि कांगणं साळच्या रानातलीच लागत. दरवर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी त्या माहेरी जाऊन भावजयीकडून ती घेऊन येत. सून म्हणून आल्या तेव्हापासून एक वर्ष चुकलं नव्हतं.

“दर वर्सासारखी साळसून हाडतलंय. माझी मी,” त्या म्हणाल्या. “हाडलंय तर मी हयच रवतलंय, गणपती हयच बसतलो. नाय जमला तर तू म्हणशीत थय येतंय. मगे तुझ्या त्या लिफ्टीत पण चडतलंय.”

लिफ्टला त्या घाबरतात हे उमेशला ठाऊक होतं, म्हणजे ही शपथच होती. “तुका पायरी उतराक जमना नाय, आणि साळ?” तो हसून म्हणाला. पण त्याने मान डोलावली. मलाही साक्षीदार म्हणून मान डोलवायला लावली. मी दोघांकडे बघून दोनदा डोलावली.

माझी सायकल त्यानंतर आठवड्याभरात आली. पहिल्या दिवशी मी हेल्मेट, हातमोजे आणि पाण्याची बाटली अशा तयारीने तुयेला निघालो. तिचे गुण मी प्रामाणिकपणे सांगतो. चढावर ती खरोखर ढकलते. पेट्रोल नाही, परवाना नाही, धूर नाही. सपाटीवर तर आपण अजून पंचविशीत आहोत असा भास होतो. अवगुण असे की ती आवाज करत नाही, त्यामुळे रस्त्यात उभ्या असलेल्या म्हशीला आपण आलो हे कळत नाही. कुत्र्यांना मात्र कळतं. बॅटरी संपली की नुसती सायकल उरत नाही, लोखंडाचा गाडा उरतो. आणि सगळ्यात मोठा अवगुण म्हणजे तिलाही पाय मारावेच लागतात. हे जाहिरातीत बारीक अक्षरात होतं. कारखान्याच्या फाटकावरचा रखवालदार आमच्याच भागातला, बेळगावचा. तो रोज विचारायचा, “पाटील, आज तुम्ही सायकलीवर आलाय की सायकल तुमच्यावर?” पंधरवड्यात मी पुन्हा कंपनीच्या बसने जायला लागलो आणि सायकल मागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. ताडपत्री नवीन घेतली होती. गोष्ट नीट झाकून ठेवण्यात मी कधी आळस केला नाही.

एका रविवारी मी उठलो तर ताडपत्री घडी घालून ठेवलेली आणि शालनबाय सायकलीचा रक्तदाब घेतल्यासारख्या वाकून तिच्या हँडलवरचा आकडा वाचत होत्या.

“पाटला, ही जिती आसा मरे! मेल्यासारखी कित्या झाकलंस?”

मी म्हटलं, “बाय, तुम्हाला चालवता येते?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मी मेणकुऱ्याच्या उतारार सायकल घालीत होतंय तेव्हा तू पाळण्यात मुतीत होतंस.”

नर्स असताना त्या सायकलीने गावोगाव फिरत, हे मला नंतर कळलं. त्या काळी बाई सायकलीवर म्हटल्यावर लोक दारात येऊन बघायचे, आणि त्याच घरांत पुढे बाळंतपणाला त्यांनाच बोलावणं यायचं. त्यांनी पदर खोचला, सीट खाली करून घेतली, बसल्या आणि मला म्हणाल्या, “हात लावू नको.” मी हात खिशात घातले. त्यांनी एक पाय मारला. दुसरा मारताच मोटर जागी झाली आणि सायकल पुढे सरसावली.

“हात काढ म्हटलंय ना! मागसून कोण ढकलता रे?”

मी तर मागे पडवीत उभा होतो. त्या ओरडत ओरडत अंगणातून सुटल्या, शेजारच्यांच्या अळवाच्या वाफ्यातून आरपार गेल्या आणि माडाला वळसा घालून तशाच परत आल्या. अळू आडवं झालं, त्या उभ्याच होत्या. ब्रेक लावून उतरल्या आणि सीटच्या मागची रिकामी जागा बघत राहिल्या. मला वाटलं घाबरल्या.

“ह्यांचो हात असोच,” त्या म्हणाल्या. “खाणीर सुट्टी आसली की माझ्या सायकलीबरोबर चलत येत. चढण इली की पाठीर हात. तोंडातसून शब्द नाय. नुसते ढकलीत.”

मग त्यांनी नाक पुसलं आणि मला अळवाच्या भरपाईला पाठवलं. सायकल माझी होती, म्हणून अळूही माझंच ठरलं. त्या दिवसापासून सायकल त्यांची झाली, आणि सायकलीच्या भाड्याच्या बदल्यात म्हणून मला रविवारी माशाचं जेवण मिळायला लागलं. हा व्यवहार मी आयुष्यात केलेल्या व्यवहारांत सर्वांत चांगला होता.

पावसाळ्याच्या सुरुवातीला शालनबाय गावात दिसेनाशा झाल्या, म्हणजे एका जागी दिसेनाशा झाल्या. आता त्या पेडण्याच्या बाजारात दिसत, मांद्र्याच्या किनाऱ्यावर मासे घेताना दिसत, तुयेच्या नाक्यावर कुणाच्या तरी दंडाला पट्टा गुंडाळताना दिसत. पुढच्या टोपलीत रक्तदाबाचं यंत्र, मागे भाजी. गुडघे? गुडघे तक्रार करत होते, पण पूर्वीइतकं कुणी ऐकत नव्हतं. सायकलीला घंटी होती, पण ती वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्या लांबूनच ‘बाजूक सर गो!’ म्हणून ओरडत, आणि माणसं, कोंबड्या, एकदा तर मोपाकडे जाणारा डंपरसुद्धा बाजूला झाला.

बॅटरीवर त्यांचा वेगळाच जीव जडला. ती काढून घरात आणून चार्ज करावी लागे. पावसात भिजू नये म्हणून त्यांनी तिला एका जुन्या दुपट्यात गुंडाळायला सुरुवात केली. तान्ह्या बाळाला गुंडाळतात तशी, तोंडाकडची कड दुमडून, आणि एका हाताने खाली आधार देऊन. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने गुंडाळता येतं हे त्या हातांना माहीतच नव्हतं. पोषणाबद्दलही त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. पोट भरून जेवायचं नाही, दोन घास कमी. म्हणजे चार्जिंगचा शेवटचा दिवा लागायच्या आत त्या पिन काढत. एकादशीला फराळ, म्हणजे थोडंसंच चार्जिंग. श्रावणी सोमवारी मी एकदा चार्जर लावायला गेलो तर माझ्या हातावर फटका बसला. “तिन्हीसांज होऊ दी. उपास सुटल्यार जेवतली.”

एकदा चार्जिंगच्या पिनेत काहीतरी बिघडलं. पेडण्याला एक जण दुरुस्त करतो असं कळलं, म्हणून त्या दुपट्यातली बॅटरी घेऊन बसने निघाल्या. छत्री धरायला म्हणून मी सोबत होतो. बस भरलेली. कंडक्टरने गाठोडं बघितलं आणि पुढच्या सीटवरच्या दोन कॉलेजकुमारांना उठवलं. शालनबाय शांतपणे बसल्या. शेजारच्या बाईने गाठोड्याकडे मान वाकवून मुलगा की मुलगी ते विचारलं, “बाबू काय बाय?”

मला वाटलं, आता त्या खुलासा करतील. शालनबायनी दुपट्याची कड जराशी नीट केली. “बाय.”

“किती म्हयन्यांची गो?”

“तीन.” हे खरंच होतं, खरेदी करून तीन महिने झाले होते.

“रडणा नाय ती!”

“पोट भरला की गप रवता. वजन पण बरा आसा.”

मी दांड्याला लोंबकळत घामाघूम झालो होतो. ती बाई माझ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, “हो तिचो आजो?” शालनबायनी माझ्याकडे बघून नाराजीने मान हलवली. “लांबचो.” पेडण्याच्या बसस्टॉपवर उतरताना त्या बाईने दुपट्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. त्या दिवसापासून बॅटरी घरातलं बाईमाणूस ठरली.

उमेशला हे सगळं फोनवरून कळत होतं, कारण दर रविवारी तो मला फोन करायचा. “पाटील, मोटरची सायकल म्हणजे फसवणूक आहे. तिचं ती आणणार असं ठरलं होतं. तुम्ही साक्षीदार आहात.” मी हो म्हणायचो. फोन शालनबाय ओढून घेत. “मोटर फकत ढकलता रे! पाय मी मारतंय. पाय थांबले की मोटर थांबता. सांग तेका, पाटला!” मी पुन्हा हो म्हणायचो. साक्षीदार म्हणून माझी किंमत तेवढीच होती. पण हसण्यावारी नेत असलो तरी दोघंही खेळत नाहीत हे मला कळत होतं. उमेशने घराला लावायचं कुलूप खरोखरच आणून ठेवलेलं होतं. ते देवघराच्या कोनाड्यात होतं आणि शालनबाय रोज देवपूजा करताना ते बाजूला सरकवत.

गणपतीचा आदला दिवस आला. त्या दिवसाला तिकडे तय म्हणतात, आणि घरातल्या बायका त्या दिवशी उपास करतात. नवरा गेल्यावरही शालनबायनी तयेचा उपास सोडला नव्हता. पहाटे मी उठलो तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. सायकल नव्हती, दुपटं नव्हतं. मोबाईल मात्र जागेवर होता. पावसात भिजतो म्हणून त्या तो घरातच ठेवत.

दुपारी उमेश आला, बायकोमुलं उद्या येणार म्हणून एकटाच. आई कुठे विचारल्यावर मी साळ म्हणालो. बाहेर पाऊस आडवा-तिडवा कोसळत होता. तो बॅगेसकट तसाच वळला. “पाटील, तिला काही झालं तर...”  मी मुकाट्याने त्याच्या गाडीत बसलो. साळच्या भावजयीला फोन लावला तर त्या म्हणाल्या, कधीच निघाली, फराळालासुद्धा थांबली नाही. वाटेत प्रत्येक वळणावर उमेश गाडी हळू करी आणि गटाराकडे बघे. मीही बघत होतो. गंमत करायला त्या दिवशी माझ्याकडेही काही शिल्लक नव्हतं.

फार लांब जावं लागलं नाही. पार्सेच्या बाहेर, जिथून गावाकडे चढण लागते तिथे पायथ्याला शालनबाय उभ्या होत्या. चिंब भिजलेल्या. मागे कॅरिअरवर सुपारीचा घड, टोपलीत लालभडक कवंडळं, हँडलला कांगणांची वेल गुंडाळलेली. माटोळी सगळी होती. फक्त सायकल पुढे जात नव्हती. बॅटरीवर दुपटं पांघरलेलं, आणि अंगावरचा रेनकोटही त्यांनी काढून तिच्यावरच टाकलेला.

“आई, गाडयेत बस,” उमेश काच खाली करून ओरडला.

“गाडयेत बसलंय तर हरलंय.”

“तू भिजतंस!”

“भिजणां म्हणजे हरणां न्हय.”

उमेश खाली उतरला. “बॅटरी संपली कशी? साळाक चार्ज करूक नाय? मामीकडे वीज नाय?”

“वीज होती.” शालनबायनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू प्रश्नच चुकीचा होता. “आज तय. तिका उपास.”

उमेशने माझ्याकडे बघितलं. मी शेताकडे बघितलं. भात छान आलं होतं.

त्यांनी आमच्या दोघांकडे पाठ केली, सायकलीवर बसल्या आणि पाय मारायला लागल्या. दोन फेरे झाले, तिसऱ्याला सायकल थांबली आणि मागे घसरली. उमेशने धरली. त्यांनी पुन्हा पाय मारला. पुन्हा तेच. मग त्या तशाच बसून राहिल्या, हँडलवर दोन्ही हात, मान खाली. इतक्या दिवसांत मला त्या कधी म्हाताऱ्या वाटल्या नव्हत्या. त्या क्षणी वाटल्या. ही माझी सायकल, आणि तिच्यावर त्यांचं घर पणाला लागलं होतं.

“उमेश,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ही चढण माका एकदा चडाक दी. मगे तू सांगशीत थय येतंय.”

 पाणी उमेशच्या नाकावरून ठिबकत होतं. मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट काढून माझ्या मांडीवर टाकले आणि आईच्या मागे जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

“पाय तू मार,” तो म्हणाला. “मी फकत ढकलतंय. मोटरीक चलता तर माका चलता.”

शालनबायनी वळून बघितलं नाही. त्यांनी पाय मारला. सायकल हलली. थोडं पुढे गेल्यावर त्यांचा आवाज आला, आणि तो नेहमीचा होता.

“पुश, उमेश! श्वास घे! आता पुश! कोऑपरेट!”

गाडी मी चालवायची होती. आमच्या तालमीच्या गावात सगळ्यांना सगळं येतं असा समज आहे, पण मी गाडी शेवटची चालवली होती ती लग्नाआधी. चढणीवर ती दोनदा बंद पडली आणि एकदा मागे गेली. मागून आलेल्या बसने हॉर्न वाजवून माझ्या घराण्याचा उद्धार केला. त्या गोंधळात वायपर चालू करायला गेलो तर इंडिकेटर लागला. काचेतून नीट दिसत नव्हतं, त्याला सगळा पाऊसच कारण होता असं मात्र नाही. पुढे लाल कवंडळं हलत होती, आणि एक भिजलेला मोठा माणूस अनवाणी, एक हात आईच्या पाठीवर आणि दुसरा सुपारीच्या घडावर ठेवून, धापा टाकत वर चालला होता.

वर पोचल्यावर तो मैलाच्या दगडावर बसला. शालनबाय उतरल्या, मनगट वळवून घड्याळ बघितलं आणि त्याची नाडी धरली.

“फास्ट आसा,” त्या म्हणाल्या. “आळस.”

संध्याकाळी उमेशने शिडीवर चढून माटोळी बांधली. दोरी दातात धरून तो कवंडळं एकेक करून लावत होता आणि शालनबाय खालून डावं उजवं सांगत होत्या. पुण्याचा विषय कुणी काढला नाही. शेवटी तो शिडीवरूनच म्हणाला, “पुढल्या वर्साक मी एक दिवस आधी येतंय. तेव्हा उपास तू कर. बॅटरीक जेवूक घाल.” मग खाली उतरून त्याने देवघरातलं कुलूप उचललं आणि मागच्या पडवीतल्या सायकलीला लावलं. किल्ली आईच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी आरतीला शालनबाय देवाशी नेहमीच्या शुद्ध मराठीत बोलल्या नाहीत. पेडण्याच्या बोलीत बोलल्या, आणि मला त्यातलं एवढंच कळलं की त्यांनी आभार मानले आणि लगेच काहीतरी मागितलं.

त्यानंतरच्या चतुर्थ्यांना माटोळी साळहूनच आली. बॅटरी तयेच्या दिवशी पोटभर जेवून निघायची. त्यासाठी भटजींना विचारून सवलत घेतली होती, असं शालनबाय सांगत. माझी नोकरी संपली आणि मी गडहिंग्लजला परतलो. सायकल अर्थातच पार्सेत राहिली. माझा रक्तदाब मात्र माझ्याबरोबर आला. दर चतुर्थीला मी जायचो, आणि दंड पुढे केल्याशिवाय मला आत घेतलं जात नसे.

त्यांना शेवटचं बघितलं तेही तयेच्याच दिवशी. गुडघ्यांनी आता पूर्ण संप पुकारला होता. ओसरीवर त्यांची कदेल, म्हणजे खुर्ची, मांडलेली होती आणि त्या शाल पांघरून बसल्या होत्या. उमेश आता वर्षातला बराच काळ तिथूनच काम करत होता. साळला निघायला तो अंगणात सायकल घेऊन उभा होता. पोट माझ्याइतकंच सुटलेलं, हेल्मेट बहुधा माझंच. या सायकलीवर तो पहिल्यांदा बसत होता. आजवर आईने त्याला ती चालवू दिली नव्हती.

त्याने पाय मारला. दुसरा मारला आणि मोटरने त्याला पुढे लोटलं. तो दचकून ओरडला, “गे आई! मागसून कोण ढकलता?”

शालनबायनी शालीतून उजवा हात बाहेर काढला आणि तळवा त्याच्या पाठीच्या दिशेने उघडा धरला. त्याने मागे वळून बघितलं नाही. तो फाटकातून बाहेर पडला, रस्त्याला लागला, चढणीच्या माथ्याशी पोचला, माडांच्या आड दिसेनासा झाला. त्यांनी हात खाली घेतला नाही.